मथळा मोठा, लाल आणि ठळक, तरी नजर तिथे का जात नाही?

रेघोटी:
दृश्यघटकांची यादी बहुतेकांना पाठ असते: रेषा, आकार, लहानमोठेपणा, रंग, उजळ-गडदपणा, पोत, मोकळी जागा. यादी पाठ असूनही पान जमत नाही, म्हणून हा धागा.

एक उदाहरण धरून बोलू. मासिकातली ए-फोर आकाराची पूर्ण पान जाहिरात. वस्तू: वाचनाचा टेबल लॅम्प. पानभर फोटो, खोली अंधारी, दिव्याखाली टेबलावर उजेडाचं वर्तुळ. वर अंधाऱ्या भागात मथळा: लाल, ठळक, ४८ पॉइंट (७२ पॉइंट म्हणजे एक इंच), सावली दिलेला. त्याखाली चार वैशिष्ट्यं, प्रत्येकाला चौकट आणि आयकॉन. मग ८० शब्दांचा मजकूर, काळोखावर पांढऱ्या अक्षरांत. तळाला पिवळ्या पट्टीत फोन नंबर आणि क्यूआर कोड. उजव्या खालच्या कोपऱ्यात लोगो. सगळ्याभोवती बारीक बॉर्डर.

अशा पानावर नजर आधी उजेडाच्या वर्तुळावर जाते, तिथून थेट पिवळ्या पट्टीवर. मथळा शेवटी वाचला गेला तर गेला. तो ६० पॉइंट करायचा का? की मुळात घटकांचं गणितच चुकतंय? पानं लावणाऱ्यांनी कारणांसकट लिहावं. ‘जागा सोडा’, ‘सुटसुटीत ठेवा’ एवढ्यावर भागणार नाही. किती सोडायची आणि का, तेही हवं.

शाईपेटी:
६० काय, ७२ केला तरी फरक पडणार नाही. इथे दोष लहानमोठेपणाचा नाही, उजळ-गडदपणाचा आहे. लाल रंग भडक असतो, पण उजळ नसतो. पान ओझरतं पाहताना उजळ-गडद फरकच आधी पोचतो.

स्क्रीनसाठी वापरतात ते डब्ल्यूसीएजीचं (वेबपानं सगळ्यांना वाचता यावीत म्हणून केलेल्या नियमावलीचं) कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद फरकाचं सूत्र लावून बघा. काळ्यावर शुद्ध लाल ५.२५ : १ येतो. काळ्यावर शुद्ध पिवळा १९.५६ : १. म्हणजे खालची पट्टी मथळ्यापेक्षा जवळजवळ पावणेचारपट जोरात बोलते, आणि ती पानाच्या रुंदीएवढी आहे ते वेगळंच. शिवाय फोटोतला अंधार पूर्ण काळा नसतो, गडद तपकिरी असतो. तिथे लालचा आकडा ३ पर्यंत खाली येऊ शकतो. मोठ्या अक्षरांसाठी ३ ही किमान मर्यादा मानतात, साध्या मजकुरासाठी ४.५. कागदावर शाईचे आकडे वेगळे येतील, पण क्रम हाच राहील.

सावली दिल्यामुळे आणखी नुकसान झालंय. गडद पार्श्वभूमीवर गडद सावली दिसत नाही, फक्त अक्षराची कड मऊ करते. कड मऊ झाली की अक्षराचा आकार मागे सरतो.

तिरपी नजर:
शाईपेटींशी सहमत. याचा पडताळा घरबसल्या होतो.

पान ग्रेस्केल, म्हणजे नुसत्या करड्या छटांत करा. लाल मथळा अंधारात बुडाला तर वर लिहिलेलं कारण पक्कं. मग पान १० टक्के झूमवर न्या. ए-फोर पान तिथे टपालाच्या तिकिटाएवढं उरतं, अक्षरं वाचता येत नाहीत, फक्त डाग दिसतात. ते मोजा. एक डाग सगळ्यांत जोरकस, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी, असा उतार दिसला पाहिजे. एकसारख्या ताकदीचे चार-पाच डाग दिसले तर पानाने अजून काहीच ठरवलेलं नाही. शेवटी पान उलटं करून बघा. वाचायची सवय त्या क्षणी बंद पडते आणि कुठली बाजू जड झालीय ते लगेच कळतं.

कोरं पान:
रेघोटी, मथळ्यावर तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी लादल्यात: मोठा, लाल, ठळक, सावली. जोर हा शेजाऱ्याशी असलेल्या फरकातून येतो. शेजारी चार चौकटी, चार आयकॉन, पांढरा मजकूर, पिवळी पट्टी असे सगळेच ओरडत असतील तर मथळ्याचं वेगळेपण उरतच नाही.

हेडविग फॉन रेस्टॉर्फ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ साली दाखवलं होतं की एकसारख्या गोष्टींच्या रांगेतली वेगळी गोष्ट जास्त लक्षात राहते. मांडणीत याचा अर्थ असा की वेगळेपणासाठी आधी एकसारखी रांग लागते. बाकीचं पान शांत आणि एका सुरात असेल, तर मथळा ३० पॉइंटात, साध्या वजनात (अक्षरांच्या जाडीत) असूनही उठून दिसतो.

कामाची पद्धत सांगतो. सगळा मजकूर आधी एकाच आकारात, एकाच वजनात, काळ्या रंगात लावा. मग एकेक फरक आणा. पहिला फक्त जागेचा: काय कुठे आणि कशापासून किती लांब. तेवढ्याने क्रम कळला तर थांबा. नाही कळला तर आकारमान बदला. तरी नाही तर वजन. रंग सगळ्यांत शेवटी. आणि आकारमान बदलताना दीडपटीच्या खाली जाऊ नका. ११ पॉइंटच्या मजकुराशेजारी १३ पॉइंटचा उपमथळा चूक वाटतो, १८ चा ठरवून केलेला वाटतो.

घडीव:
एक सोपं उत्तर आहे. पान सुवर्ण गुणोत्तरात विभागा, १ : १.६१८, आणि मथळा त्या छेदबिंदूवर ठेवा. निसर्गातही ते प्रमाण काही ठिकाणी दिसतं.

समास:
घडीव, थोडा विरोध नोंदवतो. ए-फोर पानाचं स्वतःचं प्रमाणच १ : १.४१४ आहे, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाचं. समोरासमोरची दोन पानं उघडली की ४२० × २९७ मिलिमीटर होतात, तिथेही तेच प्रमाण. त्यावर १.६१८ ची जाळी (पान विभागणाऱ्या उभ्या-आडव्या रेषा) टाकली की ती कडांशी, कॉलमशी, ओळींशी कुठेच जुळत नाही. छेदबिंदूवर ठेवलेला लाल मथळा अंधारात लालच राहणार, उजळ होणार नाही. विषम विभागणी समसमान विभागणीपेक्षा जिवंत वाटते हे मान्य. पण ती ३ : २ असली काय नि ५ : ३ असली काय, वाचणाऱ्याला तो फरक कळत नाही.

घडीव:
विषम विभागणीचा मुद्दा मान्य. आकड्याचा हट्ट सोडतो.

चौकट_मोडा:
मला त्या चार चौकटींबद्दल बोलायचंय. एका चौकटीला चार कडा, चारांच्या सोळा. त्यात पानाच्या बॉर्डरच्या चार. म्हणजे माहिती नसलेल्या वीस रेषा डोळ्याने ओलांडायच्या. रेषा हा फार बोलका घटक आहे. ती वेगळं करते, जोडते, दिशा दाखवते, आणि यातलं काहीच करत नसेल तरी लक्ष मागते.

मॅक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली डोळा गोष्टींचे गट कसे पाडतो याचे नियम मांडले. त्यातला जवळिकीचा नियम इथे पुरेसा आहे: जवळ ठेवलेल्या गोष्टी एका गटातल्या वाटतात. आयकॉन आणि त्याच्या ओळीत ३ मिलिमीटर अंतर, दोन वैशिष्ट्यांमध्ये ७ ते ८ मिलिमीटर. बस, गट आपोआप पडतात. आतलं अंतर बाहेरच्या अंतराच्या निम्म्याहून कमी ठेवायचं. दोन्ही ५-५ मिलिमीटर झाली की कोणता आयकॉन कोणत्या ओळीचा हे कळत नाही आणि मग माणूस चौकट शोधायला लागतो. बहुतेक चौकटी चुकलेल्या अंतरांवरची मलमपट्टी असतात.

पानपलट्या:
पण जाहिरात देणाऱ्याला चौकटी हव्याच असतात. ‘मुद्दे नीट दिसत नाहीत’ म्हणतात.

चौकट_मोडा:
मग दोन गटांमध्ये एकच आडवी रेघ द्या, ०.५ पॉइंटची, चारही बाजू बंद न करता. मुद्दे वेगळे दिसतात, भिंती उभ्या राहत नाहीत. चौकट द्यायचीच असेल तर आतला समास किमान एका ओळीच्या उंचीएवढा ठेवा. अक्षरं चौकटीला टेकली की दोन्ही गुदमरतात.

ठिपका:
आयकॉनवरून एक छोटं. गोल आयकॉन आणि चौकोनी आयकॉन अगदी एकाच उंचीचे ठेवले तर गोल लहान दिसतो. तो दोन-तीन टक्के मोठा करावा लागतो. अक्षरं घडवणारे गोल अक्षरांना हेच करतात. मोजपट्टी बरोबर म्हणते तिथे डोळा चूक म्हणत असेल, तर डोळ्याचं ऐकायचं.

समास:
बॉर्डरबद्दल छपाईच्या अंगाने. पानाच्या कडेपासून २-३ मिलिमीटर आत बारीक बॉर्डर असेल तर ती वाकडी दिसणार हे धरूनच चाला. कटिंगमध्ये एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो. ३ मिलिमीटरपैकी एक मिलिमीटर सरकला की एका बाजूला २ आणि दुसऱ्या बाजूला ४ उरतात, म्हणजे थेट दुप्पट. मध्ये पिन मारलेल्या अंकात आतली पानं घडीच्या जाडीने बाहेर ढकलली जातात आणि छाटली जातात, तिथे आणखी फरक पडतो. फोटो पानभर असेल तर ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला भाग), महत्त्वाचं सगळं कडेपासून किमान ५, शक्यतो ८ मिलिमीटर आत, आणि बॉर्डर काढून टाकायची. फोटोची कड हीच चौकट आहे.

आणखी एक, रेघोटी: जाहिरात डाव्या पानावर येणार की उजव्या? लोगो उजव्या खालच्या कोपऱ्यात आहे. डावं पान मिळालं तर तो कोपरा कण्याशी, म्हणजे बांधणीच्या बाजूला येतो. गोंदाने बांधलेला अंक पूर्ण सपाट उघडत नाही, आतले १० ते १२ मिलिमीटर वळणात जातात. पान कुठलं ते आधी विचारून घ्यावं. समजणारच नसेल तर लोगो मध्याकडे आणा.

तिरपी नजर:
लोगो उजव्या कोपऱ्यात ठेवण्यामागे ते झेडचं सूत्र असतं ना? नजर वर डावीकडून उजवीकडे, मग तिरकी खाली, मग पुन्हा उजवीकडे.

कोरं पान:
हो, आणि ते फारच ताणलं जातं. वर्तमानपत्रांच्या मांडणीचे जाणकार एडमंड अरनॉल्ड यांच्या आकृतीत नजर डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे उतरते, पण ती एकसारख्या मजकुराने भरलेल्या पानाला लागू आहे. नजर एफ अक्षरासारखी फिरते हा नमुना नील्सन नॉर्मन ग्रुप या वेब-सल्लागार कंपनीने २००६ मध्ये मांडला तो वेबपानांवरच्या नजरेच्या नोंदींवरून. जाहिरातीत पानभर फोटो असेल तर नजर सगळ्यांत जोरकस फरकापासून सुरू होते, मग तो कुठेही असो. कोपऱ्यांचा क्रम तेव्हाच चालतो जेव्हा पानावर दुसरं काही ठरवणारं नसतं.

पुढची पायरी दिशेची. चेहरा असेल तर तो बघतो तिकडे आपण बघतो. म्हणून चेहरा पानाबाहेर बघत असेल तर वाचक पुढच्या पानावर जातो. या जाहिरातीत चेहरा नाही, पण दिव्याची मान आहे. ती सरळ सरळ रेषा आहे आणि खाली उजेडाकडे बोट दाखवतेय. मथळा मात्र तिच्या पाठीमागे, वर अंधारात. फोटो एकीकडे पाठवतोय आणि मांडणी दुसरीकडे.

रेघोटी:
दिव्याच्या मानेचा मुद्दा लक्षात आला नव्हता. फोटोतल्या रेषांना मांडणीतल्या रेषाच समजायचं तर.

कोरं पान:
अगदी. टेबलाची कड, खिडकीची चौकट, हाताचं कोपर, सगळ्या रेषा. कॉलमची डावी कडसुद्धा न काढलेली रेषाच असते. मजकूर डावीकडून एका ओळंब्यात लावला की ती आपोआप दिसते. मथळा मध्यभागी, मजकूर डावीकडे, लोगो उजवीकडे असं केलं की तीन न काढलेल्या रेषा एकमेकींना छेद देतात आणि पान विस्कळीत वाटतं, कारण सापडत नाही.

शिरोरेघ:
पांढऱ्या अक्षरांतल्या ८० शब्दांकडे कोणी वळलंच नाही, आणि देवनागरीत तो मुद्दा सगळ्यांत नाजूक आहे.

रोमन लिपीसाठी ओळींमधलं अंतर अक्षराच्या १२० टक्के धरायची पद्धत आहे. तेच आकडे देवनागरीला लावले की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या, मात्रा एकमेकांत घुसतात. १४० ते १५० टक्के द्या. ११ पॉइंटला १६ पॉइंट ही माझ्या मते सुरक्षित जोडी.

शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळ हीच एक जाड आडवी रेघ बनते. म्हणून मथळ्याखाली अधोरेखन देऊ नये, एका शब्दाला दोन रेघा होतात आणि उकार कापला जातो. अक्षरांमध्ये अंतर वाढवण्याची रोमनमधली फॅशन देवनागरीत आणली की शिरोरेषेचे तुकडे पडतात. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, आणि बऱ्याच फॉन्टना खरा तिरपा कट नसतो. सॉफ्टवेअर नुसतं ढकलून तिरपं करतं, ते अक्षरांचे दांडे कलंडल्यासारखं दिसतं. उरतात आकारमान, वजन आणि जागा. त्यामुळे मोकळी जागा आपल्याला रोमनपेक्षा जास्त उपयोगी पडते.

लेखाच्या सुरुवातीचं मोठं अक्षर लावताना पूर्ण अक्षर उचला, मात्रा आणि जोडाक्षरासकट. ‘स्थिती’ असेल तर ‘स्थि’. आणि मोठ्या अक्षराची शिरोरेषा पहिल्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळवा. खाली बसवून जुळवलं की ते लोंबतं.

शाईपेटी:
शिरोरेघ यांच्या पोस्टला छपाईची पुरवणी. गडद फोटोवर पांढरी बारीक अक्षरं म्हणजे चार शायांमध्ये (सायन म्हणजे सी, मॅजेन्टा एम, पिवळी वाय, काळी के) कोरलेली भोकं. चारही प्लेटा केसभर जरी हलल्या तरी भोकाच्या कडेला निळी किंवा गुलाबी झाक येते, आणि शाई पसरून भोक आतून बुजतं. देवनागरीत आधी बुजतात त्या बारीक गाठी, ‘श’ आणि ‘क्ष’ मधल्या. काळ्यावर पांढरा मजकूर हवाच असेल तर १० पॉइंटच्या खाली नको, वजन एक पायरी जास्त घ्या, ओळींमधलं अंतर एक पॉइंट वाढवा. पांढरी रेघ असेल तर किमान ०.५ पॉइंट. ०.२५ ची बुजते.

काळा रंगही नीट ठरवा. मोठा काळा भाग नुसत्या के १०० ने, म्हणजे १०० टक्के काळ्या शाईने छापला तर धुरकट करडा दिसतो, म्हणून त्यात बाकीच्या शाया घालतात, उदाहरणार्थ सी ६०, एम ४०, वाय ४०, के १००. बेरीज २४०. गुळगुळीत कागद साधारण ३०० पर्यंत सोसतो, वर्तमानपत्राच्या कागदाला २४० च डोक्यावरून पाणी. जास्त झाली की शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर उठते. पण हा मिश्र काळा मजकुराच्या अक्षरांना कधीही देऊ नका. मजकूर के १००, ओव्हरप्रिंट, म्हणजे खालच्या रंगात भोक न पाडता त्यावरूनच छापलेला.

ठिपका:
काळ्यावरून जुनी पण फार उपयोगी गोष्ट. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात, जिथे चित्रपट्ट (विणलेली भिंतीवरची चित्रं) विणले जायचे, तिथे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. रंगकामाचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासलं तर रंगात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज दिसत होता. त्यांनी १८३९ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. तोच लाल पांढऱ्यावर गडद, काळ्यावर उजळ आणि हिरव्याशेजारी चवताळलेला दिसतो. त्यामुळे स्वॉच (रंगाचा नमुना) वेगळ्या पांढऱ्या खिडकीत निवडू नये, ज्या पार्श्वभूमीवर तो बसणार तिच्यावरच ठेवून निवडावा.

लाल अक्षरं निळ्यावर कधी देऊ नका. शुद्ध लाल आणि शुद्ध निळ्यातला उजळ-गडद फरक जेमतेम २.१५ : १, आणि दोन्ही रंग डोळ्यात एकाच अंतरावर नीट जमत नाहीत, म्हणून कड थरथरल्यासारखी वाटते. लाल-हिरव्यावर माहिती अवलंबून ठेवली तर युरोपीय वंशाच्या पुरुषांपैकी सुमारे ८ टक्के लोकांना तो फरक नीट कळणार नाही.

पानपलट्या:
पोत राहिला की. लॅम्पची शेड विणलेल्या कापडाची असेल तर?

ठिपका:
छान आठवण केलीत. विणीच्या बारीक उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी आणि छपाईच्या ठिपक्यांची जाळी एकमेकांवर आली की लाटांसारखे पट्टे उमटतात, त्याला मॉरे म्हणतात. चार शाया मुळातच वेगवेगळ्या कोनांत छापतात, सहसा सायन १५, मॅजेन्टा ७५, पिवळा ०, काळा ४५ अंश, ते याच कारणाने. कापडाची वीण त्यातल्या एखाद्या कोनाच्या जवळ गेली की पंचाईत. उपाय: फोटो थोड्या वेगळ्या टक्क्यांनी लहानमोठा करणं, कॅमेऱ्याचा कोन दोन-चार अंश बदलणं, किंवा वीण हलकीशी मऊ करणं. कच्च्या प्रिंटवर मॉरे दिसेलच असं नाही, ठिपके दाखवणाऱ्या प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर) बघा.

पोत मजकुरालाही असतो. समजून घ्यायचं तर पानावरचा मजकूर डोळे किलकिले करून एक करडा पट्टा म्हणून बघा. पट्ट्यात पांढऱ्या भेगा दिसल्या तर दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात शब्दांमधली अंतरं फाटली आहेत.

समास:
त्या भेगा अरुंद कॉलममध्ये हमखास पडतात, आणि मराठीत शब्द लांब असल्याने जास्तच. म्हणून मासिकाच्या पानाची जाळी आकड्यांतच देतो.

ए-फोर पान, आतला समास २० मिलिमीटर, बाहेरचा १५. उरले १७५. सहा कॉलम २५ चे, मधली अंतरं ५ ची: १५० अधिक २५, बरोबर १७५. दोन-दोन जोडले की ५५ चे तीन कॉलम, तीन-तीन जोडले की ८५ चे दोन. वर २० आणि खाली २३ सोडले की उंची उरते २५४ मिलिमीटर, म्हणजे १० इंच, म्हणजे ७२० पॉइंट, म्हणजे १६ पॉइंटच्या नेमक्या ४५ ओळी. मथळ्याचं अंतर ३२ किंवा ४८ ठेवा, फोटोच्या कडा या ओळींवर बसवा. समोरासमोरच्या पानांतल्या ओळी मग एका पातळीवर येतात.

५५ च्या कॉलममध्ये ११ पॉइंटचे पाच-सहा शब्द मावतात. तिथे उजवी कड मोकळी सोडा. ८५ मध्ये दोन्ही कडा जुळवायला हरकत नाही.

पानपलट्या:
मग सगळीच पानं सारखी दिसायला लागतात, नाही का? जाळीचा तोच त्रास आहे.

समास:
जाळी कुठे बसायचं ते ठरवते, कितीजणांनी बसायचं ते नाही. सहापैकी दोन कॉलम पूर्ण रिकामे ठेवून चारांत लेख लावा, त्या रिकाम्या पट्टीत एकच चित्रओळ सोडा, पान लगेच वेगळं होतं. अलेक्सी ब्रोडोविच १९३४ ते १९५८ हार्पर्स बझार या अमेरिकी फॅशन मासिकाचे कलादिग्दर्शक होते. त्यांनी समोरासमोरची दोन पानं एकच चित्र म्हणून लावली. एका पानावर फोटो, समोर त्याच आकाराची आठवण करून देणारा मजकुराचा ठसा, भोवती भरपूर पांढरं.

घडीव:
मोकळ्या जागेबद्दल एक शंका. फोक्सवॅगन बीटलची १९५९ ची ‘थिंक स्मॉल’ (लहान विचार करा) ही जाहिरात सगळेच दाखवतात. रिकामं पान, कोपऱ्यात इवलीशी गाडी. मग लॅम्पही इवलासा करायचा का?

कोरं पान:
नको. ती जागा तिथे मथळ्याचा अर्थ सांगत होती. ‘लहान’ म्हणायचं आणि गाडी लहान दाखवायची. आजूबाजूच्या जाहिराती गाड्या पानभर रंगवून दाखवत असताना तिची मांडणी करणारे हेल्मुट क्रोन यांनी उलट केलं. मांडणी मात्र अगदी नेहमीची होती: वर मोठा फोटो, खाली मथळा, त्याखाली तीन कॉलममध्ये मजकूर. एकच गोष्ट मोडली, बाकी सगळं ओळखीचं ठेवलं.

जागा कुठे जमते तेही बघावं. कडेला जमलेली जागा श्वास देते. मथळा, फोटो आणि मजकूर यांच्या मध्ये अडकलेली जागा भोकासारखी दिसते आणि पान फाटतं. म्हणून गोष्टी आत ढकला, जागा बाहेर सोडा. आणि ती पांढरीच असायला हवी असं नाही. लॅम्पच्या फोटोतला अंधार ही मोकळी जागाच आहे, तुम्ही ती भरून टाकलीत.

तिरपी नजर:
मोकळ्या जागेलाही आकार असतो यावर एक भर. एडगर रुबिन यांचं १९१५ चं चित्र, फुलदाणी की समोरासमोरचे दोन चेहरे, त्याचंच उदाहरण. फेडएक्स या कुरिअर कंपनीच्या १९९४ च्या चिन्हात लिंडन लीडर यांनी ‘ई’ आणि ‘एक्स’ यांच्यामधल्या जागेत बाण बसवला. देवनागरीत दोन शब्दांमधली आणि शिरोरेषेखालची जागा अशीच न्याहाळण्यासारखी आहे, मोठ्या मथळ्यात ती अक्षरांइतकीच दिसते.

पानपलट्या:
क्यूआर कोड पिवळ्यावर चालतो का?

शाईपेटी:
काळा कोड पिवळ्यावर उत्तम चालतो, कारण फरक भरपूर. भोवती कोडमधल्या चार बारीक चौकोनांएवढी रिकामी जागा सक्तीची, तिच्यात अक्षर घुसलं की कोड वाचला जात नाही. मासिकासाठी २० ते २५ मिलिमीटर पुरेसा. उलट, मुखपृष्ठावरचा बारकोड लाल रेघांत कधी छापू नका. लेसर स्कॅनरचा प्रकाश लाल असतो, त्याला लाल रेघ पांढरीच दिसते. त्याच कारणाने लाल पार्श्वभूमीवर काळ्या रेघा मात्र वाचल्या जातात.

रेघोटी:
सगळं जुळवतेय. मग या पानावर आता नेमकं काय हलवायचं? मथळा पांढरा करायचा, की पट्टी काढायची?

कोरं पान:
पट्टी तर काढायचीच. पण मथळ्याला वर अंधारात लढवण्याऐवजी जिथे नजर आधीच जातेय तिथे नेऊन ठेवा: उजेडाच्या वर्तुळात. टेबलावर पडलेल्या प्रकाशात, काळ्या अक्षरांत, ३६ पॉइंट, दोन ओळी, ८५ मिलिमीटर रुंदीत. दिव्याची मान तिकडेच बोट दाखवतेय. पानावरचा सगळ्यांत उजळ भाग आणि त्यावर सगळ्यांत गडद अक्षरं, यापेक्षा मोठा फरक या पानावर होऊच शकत नाही. शिवाय वाचनाचा दिवा मथळा वाचून दाखवतोय, वस्तूचं कामच तिथे दिसतं.

चार वैशिष्ट्यं चौकटींशिवाय, ८० शब्दांचा मजकूर कमी करून ४५, दोन्ही उजेडाच्या खालच्या भागात एका डाव्या कडेला. फोन नंबर आणि कोड तळाला, पट्टीशिवाय. कोडच्या मागे तेवढाच फिका चौकोन. लोगो त्याच डाव्या कडेला. वरचा अर्धा अंधार पूर्ण रिकामा.

चौकट_मोडा:
मथळा खाली न्यायला माझी हरकत आहे. स्टँडवर अंक एकावर एक लावलेले असतात, तेव्हा वरचाच भाग दिसतो.

समास:
तो नियम मुखपृष्ठाचा. आतल्या पानाला लागू नाही, ते उघडल्यावर पूर्ण दिसतं. मुखपृष्ठावर मात्र नाव आणि मुख्य ओळ वरच्या तिसऱ्या भागातच हवी.

चौकट_मोडा:
हो, ते मान्य. मग मथळा खालीच ठीक.

शाईपेटी:
एक सावधानता. उजेडाच्या वर्तुळाच्या मध्यात ठिपके ३ टक्क्यांच्या खाली गेले तर छपाईत टिकत नाहीत, आणि मऊ उतार संपून अचानक पांढरी कड दिसते. मध्यभागी ४-५ टक्के पिवळा-मॅजेन्टा राहू द्या. अंधाराकडे जाणाऱ्या उतारात पट्टे पडत असतील तर अगदी हलका नॉइज (बारीक कणीदारपणा) मिसळा. मथळा के १०० ओव्हरप्रिंट.

शिरोरेघ:
आणि ३६ पॉइंटच्या दोन ओळींना मजकुरासारखे १५० टक्के देऊ नका, मोठ्या अक्षरांत ते फार सुटं दिसतं. ४८ पॉइंट द्या, समास यांच्या जाळीतल्या तीन ओळी. फक्त वरच्या ओळीत उकार आणि त्याच्या नेमका खाली रफार किंवा वेलांटी येतेय का ते बघा. येत असेल तर अंतर वाढवू नका, ओळ एक शब्द आधी तोडा.

रेघोटी:
तसं करून पान ग्रेस्केलमध्ये पाहिलं. १० टक्के झूमवर तीनच डाग उरतात: उजेड आणि त्यातला मथळा, मग मजकुराचा पट्टा, मग कोड. डावं पान मिळेल की उजवं हे मासिकाला विचारतेय. उजवं असेल तर दिवा आरशासारखा उलटून मान बाहेरच्या कडेऐवजी आत वळवावी का?

कोरं पान:
मान आत वळवा, पण फोटो उलटवू नका. दिव्यावरची अक्षरं आणि बटणाची बाजू उलटी होते. दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या.